व्हीआर गेम बनवणाऱ्यांनो, आधी आमच्या ओपीडीत येऊन बसा

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी व्हर्च्युअल रिॲलिटीचे गेम बनवणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि स्टार्टअपवाल्या मंडळींना खुले पत्र

मित्रमैत्रिणींनो,

जानेवारी उजाडला की आमच्या फिजिओथेरपी विभागात तुमची ये-जा सुरू होते. कुणाचा फायनल इयरचा प्रोजेक्ट असतो, कुणाला एखाद्या हॅकेथॉनमध्ये बक्षीस मिळालेलं असतं. सॅकमध्ये डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट, काखेत लॅपटॉप आणि विनंती ठरलेली: "मॅडम, आमचा गेम स्ट्रोकच्या दोन-तीन पेशंटवर ट्राय करून मिळेल का? आणि या फीडबॅक फॉर्मवर सही?" तुम्ही मनापासून आलेले असता. विचारलं तर निम्म्यांच्या घरी आजोबांना किंवा मावशीला पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेलेला असतो. त्यामुळे तोंडावर नाही म्हणवत नाही. पण प्रत्येक बॅचला तेच ते उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हटलं.

माझा व्हीआरला विरोध नाही, हे आधीच सांगते. रोज तोच व्यायाम, तीच भिंत, त्याच प्लास्टिकच्या खुंट्या, यांना पेशंट किती कंटाळतात ते मी बघते. खेळात रमला तर जो माणूस दहा मिनिटांत "बास झालं" म्हणतो तोच अर्धा तास हात हलवतो. तुमच्या गेमची खरी किंमत या अर्ध्या तासात आहे. त्या वेळात दुबळा हात किती वेळा हलला आणि कसा हलला, एवढंच मी बघणार. पाण्यात पडलेलं सूर्याचं प्रतिबिंब किती हुबेहूब दिसतं, याच्याशी मला कर्तव्य नाही.

"किती वेळा" हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते सांगते. पक्षाघातात मेंदूचा जो भाग मरतो तो परत जिवंत होत नाही. शेजारचे आणि दूरचे भाग ते काम थोडंफार शिकून घेतात, आणि शिकण्यासाठी त्यांना सराव लागतो, भरपूर लागतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत असा बदल दिसायला दिवसाला चारशे ते सहाशे वेळा तीच हालचाल करून घेतली गेली होती. आता माणसांकडे बघा. संशोधक कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांत बसून तीनशेहून अधिक उपचार-सत्रं मोजली आणि २००९ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. हातावर काम झालं अशा सत्रांपैकी जेमतेम निम्म्यांत हाताने प्रत्यक्ष काही काम करण्याचा सराव होता, आणि तो सरासरी ३२ वेळा. बत्तीस! ही तिकडची गोष्ट, जिथे एका पेशंटला एक थेरपिस्ट मिळतो. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आठवड्यातले किमान पाच दिवस रोज तीन तास थेरपी द्या असं सांगतात. आमच्या ओपीडीत पेशंटच्या वाट्याला माझी वीस-पंचवीस मिनिटं येतात, त्यातली काही चपला काढण्यात आणि बीपी बघण्यात जातात. उरलेला दिवस तो घरी खाटेवर असतो, आणि चांगल्या हाताने सगळं उरकायला शिकलेला असतो. दुबळा हात मांडीवर पडून राहतो. वापरच नाही म्हटल्यावर मेंदू त्याला आणखी विसरतो.

ही दरी गेमने भरून निघू शकते, या आशेने जगभर भरपूर प्रयोग झाले. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर "व्हीआरमुळे रिकव्हरी वेगाने होते हे सिद्ध झाले आहे" असं वाक्य हमखास असतं. ते खोडा. काय सिद्ध झालंय ते जरा सविस्तर सांगते.

टोरँटोचे न्यूरॉलॉजिस्ट गुस्ताव्हो सापोस्निक यांनी निन्टेन्डो वी, म्हणजे हातातला रिमोट हलवून टीव्हीच्या पडद्यावर खेळायचा व्हिडिओ गेम, घेऊन एक छोटा अभ्यास केला होता. २०१० मध्ये त्याचे निकाल आले, उत्साह वाढवणारे होते. मग त्यांनी मोठा अभ्यास केला, नाव एव्हरेस्ट. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतली १४ केंद्रं, १४१ पेशंट, सगळ्यांना अटॅक येऊन तीन महिन्यांच्या आतले. नेहमीची थेरपी सगळ्यांनाच चालू. त्यावर एका गटाला दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं वीवर खेळायला दिली. आणि दुसऱ्या गटाला? पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू. २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हा निकाल वाचून काही जणांनी व्हीआरचं पुस्तक मिटलं. मी त्यातून वेगळं घेतलं. पत्त्यांनी जेवढं दिलं तेवढं वीनेही दिलं, कारण दोन्हीकडे हात तेवढाच वेळ कामाला लागला होता. पण याचा दुसरा अर्थ असा की तुमची खरी स्पर्धा दुसऱ्या कॉलेजच्या टीमशी नाहीच. ती पत्त्यांच्या कॅटशी आहे, जो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि चार्ज करावा लागत नाही. त्यापेक्षा तुमचा गेम काय जास्त देतो, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. झालेले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यानेही हेच म्हटलं. ७२ अभ्यास, २४७० पेशंट एकत्र करून बघितले तर नेहमीच्या थेरपीऐवजी व्हीआर दिलं तेव्हा हाताच्या कामात सरस ठरलं नाही. नेहमीच्या थेरपीवर जोड म्हणून दिलं, म्हणजे एकूण सराव वाढला, तेव्हा फायदा दिसला.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या मंडळींनी बनवलेला एक गेम मात्र मला मनापासून आवडतो. पडद्यावर एक डॉल्फिन असतो. पेशंटचा दुबळा हात यंत्राच्या आधाराने अधांतरी तोललेला असतो आणि तो जसा फिरेल तसा डॉल्फिन पोहतो, मासे खातो, शार्कला चुकवतो. "कप उचला, कप ठेवा" असलं काही नाही. हाताने हवेत सगळीकडे फिरून बघायचं, लहान मूल आपला हात ओळखायला लागतं तसं. यावरचा स्मार्ट्स-टू नावाचा अभ्यास २०२१ मध्ये आला. नेहमीच्या उपचारांवर तीन आठवड्यांत तासातासाची ३० जादा सत्रं. दुसऱ्या गटाला तेवढाच जादा वेळ साधी, पण कसून थेरपी. पुन्हा तोच निकाल, दोन्ही बरोबरीत. मात्र नेहमीचेच उपचार मिळालेल्या जुन्या पेशंटच्या नोंदींशी ताडून बघितलं तर हाताने काम करण्याच्या चाचणीत दोन्ही गट पुढे होते. पेशंट २४ च होते आणि तुलना जुन्या नोंदींशी, म्हणून यावर फार जोरात बोलू नये हे खरं. तरी दिशा कळते. सराव दुप्पट-तिप्पट करा, मग डॉल्फिन असो की थेरपिस्ट. आणि आमच्याकडे थेरपिस्टच पुरेसे नाहीत, म्हणून मला डॉल्फिन हवाय.

आता "कसा हलला" याकडे येते, कारण तुमचे बहुतेक गेम इथे पडतात.

मागच्या बॅचचा एक गेम होता. झाडावरून आंबे पडतात, टोपलीत झेलायचे. दिसायला छान, आवाजही छान. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका येतात, उजवी बाजू गेलेली. त्यांना बसवलं. काका खुशीत खेळले, आंब्यांवर आंबे झेलले, स्कोअर वाढत गेला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. मी बाजूने बघत होते. काकांचं कोपर पहिल्यापासून शेवटपर्यंत काटकोनातच होतं. हात पुढे न्यायचा तर ते कमरेतून अख्खे पुढे वाकत होते, आणि वर न्यायचा तर खांदा कानापर्यंत उचलत होते. कोपर सरळ होणं आणि खांदा त्याच्या जागी राहून हात पुढे जाणं, या दोनच गोष्टी मी त्यांच्याकडून महिनाभर करून घेत होते. गेमने त्यांना एका बैठकीत उलटं शिकवलं, वर प्रत्येक चुकीला दहा गुण दिले.

यात मुलांचा दोष असा नव्हता. हातात धरलेला कंट्रोलर हवेत कुठे आहे एवढंच त्यांचा गेम बघत होता. तो तिथे कोपराने पोहोचला की कंबर वाकवून, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. उपाय फार अवघड नाही. छातीवर दुसरा सेन्सर लावा, किंवा साध्या कॅमेऱ्याने खांदे आणि धड बघा. धड ठरावीक अंतरापेक्षा पुढे आलं की आंबा टोपलीत पडायलाच नको. तेही जमत नसेल तर पट्टा आणि पाठीची खुर्ची वापरा, आम्ही तेच करतो. पण खुर्ची चाकांची नको! तुमच्या लॅबमधली गेमिंग चेअर घेऊन येऊ नका, पेशंट घसरून पडतो.

मग ट्रिगरचं, म्हणजे कंट्रोलरवर बोटाने दाबायचं बटण. तुमच्या जवळपास सगळ्या गेममध्ये वस्तू पकडायला ट्रिगर दाबायचा असतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी घरोघरी कुणालाच माहीत नसते. अटॅकनंतर काही आठवड्यांनी बहुतेक हातांत मूठ वळण्याची ताकद आधी येते, कित्येकदा नको इतकी येते. बोटं मिटतात आणि घट्ट मिटूनच राहतात. उघडत नाहीत. नातेवाईक प्रेमाने रबरी चेंडू आणून देतात, "दाबत राहा" म्हणतात, आणि पेशंट दिवसभर नेमकी तीच गोष्ट पक्की करत बसतो जी आधीच जास्त झालेली आहे. तुमचा ट्रिगर म्हणजे इलेक्ट्रॉनिक चेंडूच. मला असा गेम हवा ज्यात गुण सोडण्याला मिळतात. मनगट वर उचललं, बोटं उघडली, वस्तू सुटली की गुण.

आणि असे खेळ शोधायला तुम्हाला फार लांब जायला नको. कॅरमचा स्ट्रायकर आठवा. तो बोट झटकून मारायचा असतो, म्हणजे बोट सरळ करणं हाच त्यातला डाव. पतंगाला ढील देताना मूठ सैल करावी लागते. सारीपाटाच्या कवड्या टाकताना तळवा वर वळतो आणि बोटं उघडतात, आणि तळवा उताणा करणं हे तर आमच्या पेशंटचं कायमचं दुखणं. आमच्या बायकांना रांगोळीची चिमूट सोडणं द्या, तांदळातले खडे वेचून बाजूला टाकणं द्या. स्पेसशिपवरून परग्रहवासीयांना गोळ्या घालण्यात बासष्ट वर्षांच्या मावशींना काहीच रस नसतो. ढील म्हटलं की त्या हसतात.

"मग खराच कॅरम का नको?" असं तुम्ही विचाराल. जिथे चालतो तिथे मी खराच कॅरम देते. पण ज्याचं बोट जेमतेम चार-पाच अंश उचललं जातं त्याचा स्ट्रायकर जागचा हलत नाही, आणि दोन डावांत तो खचून जातो. तुमच्या पडद्यावर त्याच चार अंशांनी स्ट्रायकर बोर्डाच्या पलीकडे जाऊ शकतो. मग आठवडाभराने तुम्ही गुपचूप सहा अंश मागा. कॅटमधल्या पत्त्यांना हे जमत नाही. किती वेळा हात हलला याची न चुकता मोजणी त्यांना जमत नाही. आणि रस्ता ओलांडण्याचा, गर्दीत पिशवी सांभाळत चालण्याचा सराव पडायची भीती न ठेवता द्यायचा, तर तोही तुम्हीच देऊ शकता. इथे तुमचं खरं काम आहे.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या तुम्ही एक दुपार आमच्याकडे बसलात तर आपोआप दिसतील. मेंदूच्या उजव्या बाजूला अटॅक आलेल्या काहींना डावीकडचं जग आहे हेच जाणवत नाही; ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. तुमचं "स्टार्ट" बटण डावीकडे असेल तर तुमचा गेम त्यांच्यापुरता सुरूच होत नाही. उलट हीच माणसं व्हीआरमधून डावीकडे बघायला शिकू शकतात, हळूहळू, आवाजाच्या किंवा हलत्या वस्तूच्या ओढीने. मेंदूची डावी बाजू गेली तर उजव्या हाताबरोबर बऱ्याचदा भाषाही जाते. अशा माणसाला इंग्रजीच काय, मराठी सूचनाही कळत नाही. करून दाखवावं लागतं. हेडसेट एका हाताने घालता आला पाहिजे. चष्म्यावरून बसला पाहिजे, अंबाड्यावरून बसला पाहिजे, आणि आतला स्पंज पुसता आला पाहिजे, कारण तो दिवसभरात अनेकांच्या तेल लावलेल्या डोक्यांवर जाणार आहे. काहींना पाच मिनिटांत मळमळतं, फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी विचारावं लागतं. खरं सांगायचं तर माझ्या निम्म्या पेशंटना हेडसेट नकोच, समोर टीव्हीचा पडदा पुरतो. तुम्हाला ते कमी भारी वाटतं, ठाऊक आहे. आणि एक हात जोडून विनंती, लाल अक्षरांत "गेम ओव्हर" लिहू नका. ज्याचा अर्धा देह गेलाय त्याला ते वाचायला लावू नका.

यंत्राच्या भरवशावरही फार राहू नका. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट २०१० मध्ये आला, कॅमेऱ्यापुढे नुसता हात हलवला की ओळखायचा, म्हणून जगभरच्या पुनर्वसनवाल्यांनी त्यावर गेम बांधले. २०१७ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन बंद केलं. वीचंही तसंच झालं. तुमचा गेम एकाच हेडसेटच्या एकाच मॉडेलवर चालणार असेल तर तुम्ही नोकरीला लागल्यावर तो आमच्या कपाटात धूळ खात पडणार. लॉगिनला इंटरनेट लागत असेल तर तोपर्यंतही थांबायला नको, आमच्या तळमजल्यावर रेंज येत नाही.

घरी वापरायचा गेम बनवणाऱ्यांसाठी एक इशारा. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंट घेऊन अटेंड नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. नातेवाईकांना शिकवून घरच्या घरी पुनर्वसन करायचं, अशी कल्पना. कागदावर अगदी आपल्या देशासाठीच बनलेली. सहा महिन्यांनी बघितलं तर शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या गटांत फरक नव्हता. त्यामुळे "थेरपिस्टची गरज नाही, घरीच करा" असं तुमच्या पोस्टरवर वाचलं की मला धास्ती वाटते. गेम घरी जाऊ दे, जरूर जाऊ दे, पण आठवड्यातून एकदा त्यातला आकडा आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ माझ्याकडे आला पाहिजे. मी बघेन, खांदा वर चढतोय का सांगेन, पातळी बदलून देईन.

मोजणीचं बोललेच आहे तर, स्कोअर वाढला म्हणजे हात सुधारला असं नसतं. तो माणूस तुमचा गेम खेळण्यात तरबेज झाला, एवढंच त्यातून कळतं. आधी आणि नंतर फ्युगल-मेयर चाचणी करा, पेशंटची हालचाल किती परत आली ते ती मोजते. १९७५ मध्ये स्वीडनमध्ये बनलेली आहे, हाताचे ६६ गुण असतात, उपकरणं जवळपास लागतच नाहीत, आणि ती आम्ही करून देऊ. मित्रांच्या धडधाकट हातांवर घेतलेले "९२ टक्के युजर समाधानी" आम्हाला दाखवू नका. पेशंटवर काहीही करायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, कॉरिडॉरमध्ये घेतलेली माझी सही चालत नाही. आणि खोक्यावर "उपचार" हा शब्द लिहिलात तर २०२० पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत मोडतं, हे तुमच्या गुंतवणूकदारांना आधी सांगून ठेवा.

हे सगळं आपल्याकडे जमत नाही असं नाही. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी मिळून प्लूटो नावाचं टेबलावर मावणारं यंत्र बनवलंय. मनगट आणि पंजासाठी वेगवेगळे भाग त्याला जोडता येतात, आणि पेशंट समोरच्या पडद्यावर खेळत हात हलवतो. ते एका सेमिस्टरमध्ये झालेलं नाही. इंजिनिअर आणि थेरपिस्ट वर्षानुवर्षं एकत्र बसले, तेव्हा झालं.

म्हणून मागणं एवढंच. पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट निवडायच्या आधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये या, जानेवारीत नको. तुमच्या जवळच्या कुठल्याही सरकारी किंवा कॉलेजच्या हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपी विभागप्रमुखांना गाइडच्या सहीचं पत्र द्या आणि आठवडाभर सकाळच्या ओपीडीत नुसतं बसायची परवानगी मागा. बहुतेक जण देतील. टीममध्ये फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपीचा एक विद्यार्थी पहिल्या दिवसापासून घ्या, त्यांनाही शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावाच लागतो. आमच्याकडे येणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी उभं राहायला जागा नसते.

आपली,
एका सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट